गोठित रेत आणि शुक्रजंतूंचे पटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाव मिलिलिटरच्या एका स्ट्रॉमध्ये (रेत भरलेल्या बारीक प्लॅस्टिक नळीत) वळूचे दोन कोटी शुक्रजंतू भरलेले असतात. उणे १९६ अंशांना जाऊन परत ३७ अंशांवर येईपर्यंत त्यांतले निम्मे तरी पुढे पोहताना दिसले पाहिजेत, अशी आपल्याकडच्या रेत केंद्रांची अट आहे. म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेतही बरेच शुक्रजंतू वाटेतच जातात. ते का जातात आणि त्यांतले किती वाचवता येतात, हे बहुतांशी शुक्रजंतूच्या पातळ पटलावर, म्हणजे त्याच्या आवरणावर, ठरते. खालचे प्रश्न प्रयोगशाळेत काम करणारे, गावोगावी कृत्रिम रेतन करणारे आणि पशुवैद्यकीचे विद्यार्थी नेहमी विचारतात.

इतर पेशी गोठवणे जमते, मग शुक्रजंतूच इतका नाजूक का?

कारण त्याला दुरुस्ती करता येत नाही. इतर पेशी पटलाला छिद्र पडले तर नवी प्रथिने, नवी स्निग्धद्रव्ये तयार करून ते बुजवतात. शुक्रजंतूने हे सगळे कारखाने वृषणातच टाकून दिलेले असतात. जे पटल घेऊन तो बाहेर पडतो, तेच त्याला शेवटपर्यंत पुरवायचे असते. त्यात त्याच्या पटलात बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर. त्यांमुळे शेपटीला लवचिकपणा मिळतो, पण प्राणवायूच्या हल्ल्याला तीच आधी बळी पडतात.

आणि पटल एकच नाही. बाहेरचे पेशीपटल, डोक्यावरच्या ॲक्रोसोमचे (स्त्रीबीजात शिरायला मदत करणाऱ्या टोपीचे) पटल आणि मधल्या भागातल्या मायटोकॉन्ड्रियाचे पटल, अशी तिन्ही शाबूत राहावी लागतात. शेपटी हलत असूनही ॲक्रोसोम उडालेला शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरू शकत नाही.

नुकसान गोठताना होते की त्याआधीच?

दोन्हीकडे, पण आधीच्या नुकसानाकडे फार दुर्लक्ष होते. हिवाळ्यात बरणीतले तूप पाहा. एकदम सगळे थिजत नाही. आधी रवा धरतो आणि रव्यांच्या मध्ये पातळ तूप तसेच राहते. रेत थंड होताना पटलात हेच घडते. साधारण १५ ते ५ अंशांच्या पट्ट्यात काही स्निग्धद्रव्ये थिजतात, काही पातळच राहतात. पटलातली प्रथिने त्या पातळ भागात ढकलली जाऊन एकमेकांना चिकटतात. थिजलेल्या आणि पातळ भागांच्या सीमेवर गळती सुरू होते. बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आतले पोटॅशियम बाहेर पडते. हाच शीताघात, बोलीत कोल्ड शॉक. यात अजून बर्फाचा एक कणही तयार झालेला नसतो.

पटलात कोलेस्टेरॉल जास्त असेल तर हे थिजणे सौम्य होते. माणूस आणि ससा यांच्या शुक्रजंतूंत ते भरपूर, वळूत मध्यम, मेंढ्यात त्याहून कमी आणि डुकरात फारच कमी. डुकराचे वीर्य १५ अंशांखाली नेले की बिघडते ते याचमुळे. त्याच्या द्रवरूप मात्रा १६-१८ अंशांवर ठेवतात.

शीताघात झाला हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे कसे?

शुक्रजंतू सरळ न जाता जागच्या जागी गोल फिरतात, शेपट्या वळून आकड्यासारख्या होतात आणि पुन्हा ३७ अंशांवर आणले तरी सुधारत नाहीत. मात्र निदान करण्याआधी काचपट्टी गरम होती का ते बघा. थंड काचपट्टीवर टाकलेला उत्तम नमुनाही असाच दिसतो. काचपट्टी, आवरणकाच आणि पिपेटचे टोक ही तिन्ही ३७ अंशांच्या तव्यावर आधीपासून ठेवलेली हवीत. केवळ या एका चुकीपायी चांगली रेते फेकून दिली जातात.

डायल्युटरची (रेत विरळ करण्याच्या संरक्षक द्रावणाची) नेमकी कृती काय?

वळू आणि रेडा या दोघांसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त चालते ते ट्रिस-बलक-ग्लिसरॉल. १०० मिलि बफरला ट्रिस ३.०२८ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट १.६७५ ग्रॅम आणि फ्रुक्टोज १.२५ ग्रॅम, दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यात. सामू ६.८ च्या आसपास यायला हवा. बाटलीवर सायट्रिक ॲसिड 'मोनोहायड्रेट' आहे की 'ॲनहायड्रस' ते वाचून घ्या. निर्जल प्रकार तेवढ्याच वजनाने टाकला तर आम्ल जास्त पडते आणि सामू खाली जातो.

मग तयार डायल्युटरच्या १०० मिलिमध्ये ७३.६ मिलि बफर, २० मिलि बलक आणि ६.४ मिलि ग्लिसरॉल. प्रतिजैविके केंद्राच्या ठरलेल्या प्रमाणात.

ग्लिसरॉल पिपेटने मोजू नका. ते इतके दाट असते की नळीच्या भिंतीला बरेचसे चिकटून राहते आणि तुम्ही ६.४ समजून ५.५ टाकता. तराजूवर ८.०६ ग्रॅम वजन करून घ्या. त्याची घनता १.२६ आहे.

बलक कसा काढायचा?

ताजे, न तडकलेले अंडे घ्या. कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्या. अंडे फोडून पांढरे काढून टाका. बलकाचा अखंड गोळा निर्जंतुक गाळणकागदावर अलगद लोळवा, म्हणजे उरलेले पांढरे कागदाला चिकटते. मग गोळ्याचे आवरण टोचून आतला बलक मोजपात्रात ओघळू द्या आणि आवरण कागदावरच सोडा. आवरण किंवा पांढरे आत गेले तर डायल्युटरमध्ये तंतू दिसतात आणि स्ट्रॉ भरताना सुई तुंबते. एका अंड्यातून १२ ते १५ मिलि मिळतो, म्हणजे १०० मिलिला दोन अंडी लागतात. चुंबकी ढवळणीवर सावकाश मिसळा. फेस आला की हवा मिसळली, आणि हवा पटलाला नकोच असते.

पण बलक नेमके करतो काय?

वळूच्या वीर्यद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याच्या आसपास वाटा असतो तो शुक्रजंतूला चिकटणाऱ्या 'बीएसपी' प्रथिनांचा. निसर्गात ती उपयोगाची. गाईच्या जननमार्गात पटलातले कोलेस्टेरॉल हळूहळू काढून ती शुक्रजंतूला फलनासाठी तयार करतात. प्रयोगशाळेत मात्र शुक्रजंतू त्यांच्याच संगतीत तासन्‌तास राहिला की पटल पोखरले जाते. बलकातले कमी घनतेचे लिपोप्रोटीन ही प्रथिने स्वतःकडे ओढून घेते. त्यामुळे पटलातले कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड जागेवर राहतात. दुधाच्या डायल्युटरमध्ये हेच काम केसीन करते.

म्हणूनच रेत गोळा केल्यावर डायल्युटरचा पहिला हात लवकर मिळायला हवा. रेत ३४-३५ अंशांच्या पाण्यात ठेवून तपासणी आटोपा आणि त्याच तापमानाच्या डायल्युटरने निदान एकास एक विरळ करा. दोघांच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

सोयाबीनचे लेसिथिन असलेले तयार डायल्युटरही मिळतात. अंड्यातून येणाऱ्या जंतूंचा धोका त्यांत नाही, आणि निर्यातीच्या रेताला हा मुद्दा महत्त्वाचा असतो.

ग्लिसरॉल जास्त टाकले तर संरक्षण जास्त मिळेल ना?

नाही. ग्लिसरॉलच्या या संरक्षक गुणाचा शोध १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये लागला. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या शुक्रजंतूंवर ते वापरून पाहिले आणि तिथून गोठित रेताचा सगळा व्यवहार उभा राहिला. पण ते औषधही आहे आणि विषही. ६.४ टक्के ग्लिसरॉलने द्रावणाचा परासरण दाब जवळजवळ ३०० वरून १,१०० मिलिऑस्मोलच्या (विरघळलेल्या कणांच्या दाटीचे माप) वर जातो. शुक्रजंतू आधी आकसतो, मग ग्लिसरॉल आत शिरल्यावर पूर्ववत होतो. वितळल्यावर गर्भाशयाच्या पातळ स्रावात गेला की उलट फुगतो. पटलाला हे ताणणे-आकसणे एका मर्यादेपर्यंतच झेपते. वळू-रेड्याला ६ ते ७ टक्के, डुकराला २ ते ३ टक्के. कोंबड्याच्या रेतात तर ग्लिसरॉल वितळल्यावर काढूनच टाकावे लागते, नाहीतर अंडी फळत नाहीत.

चार तास थंडीत ठेवण्याची खरोखर गरज आहे का?

आहे. भरलेल्या स्ट्रॉ खोलीच्या तापमानावरून ४-५ अंशांपर्यंत दीड-दोन तासांत सावकाश उतरू द्या आणि एकूण चार तास तिथे ठेवा. या वेळात पटलातली स्निग्धद्रव्ये नव्या तापमानाला स्थिरावतात आणि ग्लिसरॉल, बलक, क्षार यांचा आत-बाहेर मेळ बसतो. दुपारी लवकर आटोपायचे म्हणून दोन तासांत गोठवलेल्या बॅचचा फरक वितळल्यावर दिसतो. कॅबिनेटचे दार सारखे उघडणेही तितकेच वाईट. ५ अंशांवरून ९ वर आणि परत ५ वर, म्हणजे पटलाला त्याच धोक्याच्या पट्ट्यातून दोनदा नेणे.

गोठवण्याचा वेग किती ठेवायचा?

फार हळू गोठवले तर बाहेर बर्फ होत जातो, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि शुक्रजंतू त्या खाऱ्या चिखलात तासाभराच्या लोणच्यासारखा मुरतो. फार वेगाने गोठवले तर आतले पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आतच बर्फ होतो आणि पटल आतून फाटते. शास्त्रज्ञ पीटर मेझर यांनी मांडलेला हा दुहेरी धोका टाळणारा मधला वेग प्रत्येक जनावराला वेगळा असतो.

संगणकावरच्या फ्रीझरमध्ये चालणारा एक क्रम असा: ४ ते उणे १० अंशांपर्यंत मिनिटाला ३ अंश, तिथून उणे १०० पर्यंत मिनिटाला ४० अंश, उणे १४० पर्यंत मिनिटाला २० अंश आणि मग थेट द्रवनत्रात (द्रवरूप नायट्रोजनमध्ये). उणे १५ ते उणे ६० हा पट्टा सर्वांत घातक, म्हणून तो झपाट्याने पार करायचा.

फ्रीझर नसेल तर थर्माकोलच्या पेटीत द्रवनत्राच्या पृष्ठभागापासून ४-५ सेंमी उंचीवर जाळी ठेवून वाफेत १० मिनिटे. इथे बिघडते ते बहुधा तीन कारणांनी. स्ट्रॉ एकावर एक पडतात आणि खालच्या-वरच्यांना वेगळा वेग मिळतो. द्रवनत्र उडत गेल्याने उंची वाढत जाते. किंवा बघण्यासाठी मधेच झाकण उघडले जाते.

रेड्याचे रेत वळूच्या पद्धतीनेच गोठवायचे का?

डायल्युटर तेच चालते, पण सवलत कमी. रेड्याच्या शुक्रजंतूंचे पटल गोठण्या-वितळण्यात अधिक लवकर इजा पावते, आणि ॲक्रोसोमचे नुकसान जास्त दिसते. त्यामुळे थंड करण्याची गती, चार तासांचा मुक्काम आणि गोळा केल्यापासून विरळ करेपर्यंतचा वेळ हे सगळे काटेकोर पाळा. उन्हाळ्यात रेड्याला डुंबायला पाणी किंवा फवारे नसतील तर ताज्या रेतातच विकृत शुक्रजंतू वाढलेले असतात. ते डायल्युटरने सुधारत नाही. रेडा पंढरपुरी जातीचा असो वा मुऱ्हा, कच्चा माल चांगला नसेल तर तो नमुना गोठवूच नका.

उस्मानाबादी बोकडाच्या रेतात २० टक्के बलक का चालत नाही?

बोकडाच्या वीर्यद्रवात एक विकर असते, ते बलकातल्या लेसिथिनचे लायसोलेसिथिन करते. लायसोलेसिथिन साबणासारखे पटल विरघळवते. परिणाम असा की डायल्युटर गुठळ्या धरतो आणि शुक्रजंतू मरतात. उपाय दोन: ट्रिस बफरमध्ये रेत दोनदा सौम्य वेगाने सेंट्रिफ्यूज करून वीर्यद्रव धुऊन काढणे, किंवा बलक अगदी कमी, २ ते ३ टक्क्यांवर आणणे. धुण्यातही काही शुक्रजंतू दाबाने दुखावतात, म्हणून शिकाऊ हातांना आधी कमी बलकाचा मार्ग बरा.

कोलेस्टेरॉल किंवा अँटिऑक्सिडंट बाहेरून देता येतात का?

येतात, पण मात्रा सांभाळून. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या रेणूत कोलेस्टेरॉल भरून ते शुक्रजंतूंना देतात: १२ कोटी शुक्रजंतूंना दीड मिलिग्रॅम, साधारण १५ मिनिटे. हे बलक घालण्यापूर्वी करायचे, कारण बलकात स्वतःचे कोलेस्टेरॉल असते आणि हिशेब चुकतो. रिकामे सायक्लोडेक्स्ट्रिन चुकून टाकले तर ते उलट पटलातले कोलेस्टेरॉल ओढून काढते. आणि गरजेपेक्षा जास्त भरले तर शुक्रजंतू जिवंत राहतो, पण फलनासाठी तयार व्हायला त्याला उशीर लागतो.

बीएचटी हे मेदात विरघळणारे अँटिऑक्सिडंट वळू-रेड्याच्या रेतात ०.५ ते १ मिलिमोलर वापरतात. ते पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमधले द्रावण परीक्षानळीत फिरवून आतून पातळ थर द्यायचा, अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचे आणि मगच डायल्युटर घालायचे. वास येत असेल तर अजून उडालेले नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही भुकटीपेक्षा महत्त्वाची आहे. मेलेले शुक्रजंतू बलकातल्या अमिनो आम्लांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि शेजारच्या जिवंतांचे पटल जाळतात. म्हणून सुरुवातीला ७० टक्क्यांहून कमी पुढे पोहणारे रेत गोठवण्याचा मोह टाळा.

चलनशक्ती ५० टक्के आली म्हणजे पटल ठीक आहे ना?

तेवढ्यावर विसंबू नका. पटलाची थेट परीक्षा फुगवण चाचणीने होते. सोडियम सायट्रेट ०.७३५ ग्रॅम आणि फ्रुक्टोज १.३५१ ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवले की १५० मिलिऑस्मोलचे पातळ द्रावण मिळते. त्याच्या १ मिलिमध्ये वितळवलेले रेत ०.१ मिलि टाकून ३७ अंशांवर तासभर ठेवा. ४०० पट मोठे करून २०० शुक्रजंतू मोजा. पटल शाबूत असेल तर पाणी आत शिरून शेपटी फुगते आणि वळते. फाटलेले पटल पाणी धरूच शकत नाही, त्यामुळे शेपटी सरळ राहते. आधीपासून वळलेल्या शेपट्या वेगळ्या मोजून वजा करा, नाहीतर शीताघात झालेला नमुना उत्तम ठरेल.

इओसिन-निग्रोसिन रंगवण सोपी आहे, पण ग्लिसरॉल त्यात अडथळा आणते. गोठित रेताला ती एकटी वापरू नका. ॲक्रोसोमसाठी गिम्साने रंगवून तेलाच्या भिंगाखाली १००० पट. आणि सर्वांत स्वस्त, सर्वांत बोलकी परीक्षा: वितळवलेली स्ट्रॉ ३७ अंशांवर दोन तास ठेवून परत पाहा. ज्यांचे पटल दुखावलेले आहे ते या दोन तासांत थांबतात.

स्ट्रॉ खिशात किंवा काखेत वितळवली तर?

तर प्रयोगशाळेतल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरते. वितळताना तापमान सावकाश चढले की बारीक बर्फकण एकत्र येऊन मोठे, धारदार होतात आणि पटल कापतात. ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून. हाताला 'कोमट' वाटणारे पाणी हिवाळ्यात ३० अंशांचेही असते.

स्ट्रॉ बाहेर काढून कागदाने पूर्ण कोरडी पुसा. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी आजूबाजूचे शुक्रजंतू फुगून फुटतात. हलकेच झटकून हवेचा बुडबुडा सीलच्या टोकाकडे आणा. कापसाच्या बुचाचे टोक गनमध्ये (रेतन करण्याच्या धातूच्या नळीत) आत घाला आणि सीलकडचे टोक काटकोनात कापा. थंडीत गन आधी हातावर चोळून किंवा कपड्यात धरून उबदार करा. ३७ अंशांचे रेत १२ अंशांच्या लोखंडात भरणे म्हणजे पुन्हा शीताघात. वितळवल्यापासून १०-१५ मिनिटांत रेतन आटोपा. वितळलेली स्ट्रॉ परत द्रवनत्राच्या पात्रात टाकू नका. ती मेलेलीच समजा.

पात्रातून स्ट्रॉ काढताना नेमकी काय चूक होते?

कॅनिस्टर (पात्रातला स्ट्रॉ ठेवायचा डबा) गळ्याच्या वर, बाहेर काढून नंबर वाचत बसणे. पाव मिलिलिटरची स्ट्रॉ इतकी बारीक असते की उन्हाळ्याच्या हवेत काही सेकंदांतच ती उणे १३० च्या वर चढते आणि बर्फकण पुन्हा वाढू लागतात. कॅनिस्टर गळ्याच्या आतच, दंवाच्या रेषेखाली ठेवा. चिमट्याने ८-१० सेकंदांत स्ट्रॉ उचला. जमले नाही तर कॅनिस्टर परत बुडवून १५-२० सेकंद थांबा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. कुठल्या वळूची स्ट्रॉ कोणत्या कॅनिस्टरमध्ये आहे, ते झाकणावर लिहून ठेवा. कॅनिस्टर वर उचलल्याचे नुकसान प्रत्येक वेळी साठत जाते आणि ते डोळ्यांना कधीच दिसत नाही.

पातळी लाकडी पट्टीने मोजा, पोकळ नळीने नाही; पोकळ नळीतून नत्र उसळून हातावर येते. पट्टी दहा सेकंद बुडवून हवेत हलवली की पांढरे दंव पातळी दाखवते. पात्राच्या बाहेर, गळ्याखाली दंव धरू लागले तर निर्वात गेला, स्ट्रॉ त्याच दिवशी दुसऱ्या पात्रात हलवा. आणि द्रवनत्राची वाफ सुमारे ७०० पट जागा घेते, तेव्हा काचा बंद असलेल्या जीपमध्ये पात्र नेऊ नका, झाकण कधी घट्ट आवळू नका.

जुनी स्ट्रॉ कमजोर होते का?

नत्रात सतत बुडालेली असेल तर नाही. सिडनी विद्यापीठात १९६८ मध्ये गोठवलेले मेंढ्याचे रेत ५० वर्षांनी ५६ मेंढ्यांना दिले, त्यांतल्या ३४ गाभण राहिल्या. आपल्याकडेही १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी केल्यापासून गोठित रेताचे काम वाढत गेले आहे. कमजोर होते ती पात्रात पातळी खाली गेलेली, पुन्हा भरलेली, पुन्हा खाली गेलेली स्ट्रॉ. तिच्यावरची तारीख काहीच सांगत नाही.

गाय सारखी उलटते (भरवूनही पुन्हा माजावर येते), दोष स्ट्रॉचा असेल का?

आधी त्याच बॅचच्या इतर गाई पाहा. त्याही उलटत असतील तर एक स्ट्रॉ प्रयोगशाळेत द्या आणि फुगवण चाचणी मागा. एकटीच उलटत असेल तर वेळ तपासा. गोठण्यातून गेलेल्या शुक्रजंतूचे पटल आधीच अर्धे 'पिकलेले' असते. त्यात कॅल्शियम शिरलेले असते आणि ताज्या रेतापेक्षा त्याचे गर्भाशयातले आयुष्य कमी असते. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवा, संध्याकाळी आलेली दुसऱ्या सकाळी. बळस (माजाचा चिकट स्राव) स्वच्छ काचेसारखा असेल तरच. पुवाचे धागे दिसत असतील तर रेतन करू नका, आधी गर्भाशयावर उपचार करून घ्या.